ज्यांनी फॉर्म भरलाच नाही, त्यांचं काय?

संशोधनाची तयारी करताना तुम्ही एक वाक्य नक्की वाचलं असेल, कदाचित लिहिलंही असेल : 'बहुसंख्य विद्यार्थ्यांना ऑनलाइन अभ्यासक्रम सोयीचे वाटतात.' मीही ते लिहिलं होतं. २०२१ साली कॉलेजं बंद होती तेव्हा नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या विद्यार्थ्यांसाठी मी एक ऑनलाइन फॉर्म तयार केला आणि ओळखीच्या प्राध्यापकांमार्फत व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडला. आठवडाभरात भरपूर उत्तरं आली. तक्ते झाले, रंगीत गोल आलेख झाले. मोठ्या उत्साहानं मार्गदर्शकांना दाखवायला गेलो. त्यांनी आलेख बाजूला ठेवले आणि एवढंच विचारलं, "ज्यांना ऑनलाइन जमत नाही, ते हा ऑनलाइन फॉर्म कसे भरणार होते?"

त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर लक्षात आलं की माझ्या एकट्याचंच असं झालेलं नाही. 'ऑनलाइन शिक्षण : समस्या व उपाय' या धाटणीच्या कितीतरी प्रकल्पांत आणि शोधनिबंधांत तीच चूक आहे. खरं म्हणजे चुका दोन आहेत. पहिली, आपण कोणाला विचारतो. दुसरी, आपण काय मोजतो. माझ्या मते दुसरी जास्त मोठी आहे, पण तिथं जायला पहिलीवरून जावं लागतं.

पहिली चूक : गाळणी दारातच

नमुना निवडीच्या कुठल्याही पुस्तकात 'लिटररी डायजेस्ट' या अमेरिकी मासिकाची गोष्ट सापडते. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी त्यांनी एक कोटीच्या आसपास मतपत्रं टपालानं पाठवली आणि वीस लाखांहून जास्त परत आली. एवढ्या मोठ्या नमुन्यावरून त्यांनी लँडन जिंकणार असं सांगितलं. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते काढले होते मुख्यतः टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून. त्या काळात फोन आणि मोटार कोणाकडे असायची, हे सांगायला नको. शिवाय उत्तर पाठवायची तसदी घेणारेही वेगळे होते.

माझा फॉर्म म्हणजे त्याच मतपत्रिकेचं धाकटं भावंड. विषय होता ऑनलाइन शिक्षण कोणाला जमत नाही हा, आणि साधन असं निवडलं की ज्याला जमत नाही तो आधीच गळून जावा. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीशी तुलना करून बघा. २०१७-१८ मध्ये प्रगणक घरोघरी गेले होते. देशातल्या ग्रामीण घरांपैकी ४.४ टक्के घरांत संगणक आणि १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय आढळली. शहरांत हेच आकडे २३.४ आणि ४२ टक्के होते. (हे आकडे आता जुने आहेत. मधल्या काळात मोबाइल खूप पसरला, तेव्हा तुमच्या प्रबंधात ते आजची स्थिती म्हणून घालू नका.) मुद्दा पद्धतीचा आहे. घरी जाऊन विचारलं म्हणून 'नाही' हे उत्तर नोंदवता आलं. लिंक पाठवून विचारलं असतं तर 'नाही' म्हणणारं माणूसच समोर आलं नसतं.

मग मी फॉर्म न भरलेल्यांना शोधायला निघालो. फार नाही भेटले, पण दोन भेटींनी माझा विषयच बदलला.

एक मुलगी किनवट तालुक्यातली. घरात फोन एकच, तो भावाकडे, आणि भाऊ दिवसभर कामावर. फॉर्मची लिंक तिला मिळाली होती, पण ती उघडली गेली मावशीकडे नांदेडला आल्यावर. तोवर मी फॉर्म बंद केला होता. माझ्या हिशोबात ती 'प्रतिसाद दिला नाही' अशी होती. आपल्या भाषेत याचा अर्थ सहसा 'उदासीन' असा लावला जातो. तिनं तर त्यासाठी वाट पाहिली होती.

दुसरा मुलगा लातूरचा, एम.ए. करणारा, जन्मापासून दृष्टिहीन. तो फोनवरच्या स्क्रीन रीडरनं सगळं वाचतो. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारी प्रणाली. अँड्रॉइडमध्ये ती टॉकबॅक नावानं आधीपासून असते, संगणकासाठी एनव्हीडीए मोफत मिळते. माझा फॉर्म त्यानं उघडला होता. पण मी हौसेनं बनवलेल्या पाच आडव्या, पाच उभ्या रकान्यांच्या तक्त्यात तो अडकला. कुठला रकाना कुठल्या प्रश्नाचा, हे ऐकून लक्षात ठेवता ठेवता कंटाळून त्यानं फोन ठेवला. दोष पूर्णपणे माझ्या तक्त्याचा. मग त्यानं एका विषयाच्या नोट्सची पीडीएफ उघडून दाखवली. फोन काहीच बोलेना. तो हसून म्हणाला, "दादा, मला दिसत नाही ते ठीकाय. पण हे फोनलाबी दिसत नाही."

दुसरी चूक : मोजपट्टी कोणाला लावायची?

त्याचं ते वाक्य म्हणजे अख्ख्या संशोधनाची दिशा आहे. माझा पहिला विषय होता 'विद्यार्थ्यांच्या समस्या'. म्हणजे मी समस्या त्या मुलाच्या डोळ्यांत आणि त्या मुलीच्या घरात शोधत होतो. अपंगत्वाच्या अभ्यासात याविरुद्ध एक जुना युक्तिवाद आहे. ब्रिटनमधल्या अपंग कार्यकर्त्यांनी १९७० च्या दशकात तो मांडला आणि मायकेल ऑलिव्हर यांनी त्याला 'सामाजिक प्रारूप' हे नाव रूढ केलं. शरीरातली उणीव एक गोष्ट. त्या शरीराचा विचार न करता बांधलेली इमारत ही दुसरी. अडवते ती दुसरी.

हे ऑनलाइन अभ्यासक्रमाला लावा. नोट्सची ती पीडीएफ म्हणजे छापील पानांचे फोटो होते. त्यात मजकूरच नव्हता, तर स्क्रीन रीडर वाचणार काय? म्हणून मोजायचं असेल तर पीडीएफ मोजा, विद्यार्थी नको.

मराठीत याचा आणखी एक खास प्रकार आहे, आणि इंग्रजी पाठ्यपुस्तकांत तो तुम्हाला सापडणार नाही. आपल्याकडच्या जुन्या नोट्स आणि प्रश्नपत्रिका कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फाँटांत टाइप केलेल्या असतात. डोळ्यांना तिथं 'क' दिसतो, पण फाइलच्या पोटात एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं असतं. फाँट फक्त त्याच्यावर 'क' चं चित्र चढवतो. स्क्रीन रीडर पोटातलं वाचतो, म्हणून ऐकू येते निव्वळ बडबड. युनिकोडमध्ये 'क' हा 'क' म्हणूनच साठतो. तपासणी अगदी सोपी आहे : पीडीएफमधली एक ओळ निवडून व्हॉट्सॲपवर चिकटवा. ओळ निवडताच आली नाही तर ती फोटो-पीडीएफ आहे. निवडली पण चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा आला तर जुना फाँट आहे. नीट मराठी उमटली तर पहिला अडथळा पार झाला. एवढ्या एका चाचणीवर तुमच्या विभागातल्या सगळ्या नोट्सची पाहणी होऊ शकते, आणि ती लघुप्रकल्पाला पुरेशी आहे.

'स्वयम्'ची चौकट वाचताना

आता एक मोठं उदाहरण घेऊ. 'स्वयम्' हे केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी सुरू झालं. यूजीसीच्या २०२१ च्या विनियमांनुसार विद्यापीठाला एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयम्‌वरून घेऊ देता येतात. आधी ही मर्यादा २० टक्के होती. म्हणजे हे आता जादा प्रमाणपत्र मिळवण्यापुरतं राहिलेलं नाही. पदवीचे श्रेयांक यावर ठरतात. अभ्यासक्रम वापरता आला नाही तर श्रेयांक हुकतो, आणि गुणपत्रिकेत कारण लिहायला जागा नसते.

स्वयम्‌च्या अभ्यासक्रमाची रचना चार भागांची असते : व्हिडिओ पाठ, वाचनसाहित्य, चर्चामंच आणि मूल्यमापन. कल्पना चांगली आहे हे आधी सांगतो, कारण टीका म्हणजे नुसती नावं ठेवणं नव्हे. एकच आशय बघायला, वाचायला, विचारायला आणि सोडवायला मिळावा, असा तिचा हेतू आहे. व्हिडिओबरोबर त्याचा लिखित पाठ द्यावा, हेही त्या चौकटीत आहे. एनपीटीईएलच्या काही अभ्यासक्रमांचे लिखित पाठ मराठीतही उपलब्ध झाले आहेत.

पण चौकट नीट वाचा. कोणत्या गोष्टी असाव्यात याची ती यादी देते. त्या गोष्टी कोणाला वापरता याव्यात, हा प्रश्न यादीनं सुटत नाही. वाचनसाहित्य म्हणून पीडीएफ चालते. फोटोंची पीडीएफही पीडीएफच. लिखित पाठ वेगळ्या फाइलमध्ये असला तर कर्णबधिर विद्यार्थ्याला एक डोळा फळ्यावर आणि एक फाइलवर ठेवता येत नाही. त्याला चालू व्हिडिओवरच वेळेनुसार उमटणाऱ्या उपशीर्षक-ओळी लागतात. उलट दृष्टिहीन विद्यार्थ्याला आवाज येतो, पण शिक्षक "हे इथून इथं गेलं की हे येतं" असं म्हणाले तर त्यात त्याच्यासाठी काहीच नाही, आणि लिखित पाठातही तेच 'हे' आणि 'इथं' उतरतं. यावरचा उपाय फुकट आहे. फळ्यावर जे लिहाल ते तोंडानं बोला. मूल्यमापनात 'जोड्या लावा' असेल आणि उत्तर बोटानं ओढत न्यायचं असेल, तर हात थरथरणाऱ्याचं काय? यादीत चारही रकान्यांवर बरोबरची खूण करता येईल, आणि तरी विद्यार्थी बाहेर राहील.

मोजपट्टी आहे, पण पुरेशी आहे का?

मग मोजायचं कशानं? वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची सुगम्यता मार्गदर्शिका आहे. डब्ल्यूसीएजी या नावानं ती ओळखली जाते. २.० ही आवृत्ती २००८ ची, २.१ ही २०१८ ची, २.२ ही २०२३ ची. तिची चार तत्त्वं : आशय जाणवावा, चालवता यावा, समजावा आणि वेगवेगळ्या साधनांवर टिकावा. निकषांच्या तीन पातळ्या आहेत : ए, डबल ए आणि ट्रिपल ए. ध्वनिमुद्रित व्हिडिओला उपशीर्षकं आणि फक्त कळफलकानं काम करता येणं हे सगळ्यात खालच्या, म्हणजे अत्यावश्यक पातळीवर येतं. साध्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ असं प्रमाण हवं, हा डबल ए चा निकष आहे. फिकट पिवळ्यावर पांढरी अक्षरं असलेली स्लाइड इथंच नापास होते.

ही पट्टी वापराच. पण आंधळेपणानं नको. किनवटची मुलगी आठवा. तिला दिसतं, ऐकू येतं, बोटं चालतात. डबल ए पातळी पूर्ण करणारा अभ्यासक्रमही तिला बंद राहू शकतो, याची कारणं दोन आहेत.

एक, भाषा. 'समजावा' या तत्त्वाखाली मजकुराची भाषा कोणती हे यंत्राला सांगणं सक्तीचं आहे, म्हणजे स्क्रीन रीडर उच्चार बरोबर करील. मजकूर माध्यमिक शाळेच्या आकलनाचा असावा किंवा तशी सोपी आवृत्ती द्यावी, हा निकष मात्र ट्रिपल ए वर ठेवलाय, आणि ती पातळी सहसा कोणी सक्तीची करत नाही. देगलूर-बिलोलीकडे घरात तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, तांड्यावर गोरमाटी, शिक्षण मराठीत आणि ऑनलाइन अभ्यासक्रम इंग्रजीत. हा प्रवास त्या पट्टीवर उमटत नाही.

दोन, डेटा. व्हिडिओ किती एमबीचा असावा याबद्दल डब्ल्यूसीएजीत एकही निकष नाही. साधा हिशोब करा. तीस तासांचा अभ्यासक्रम, व्हिडिओचा वेग सेकंदाला ५०० किलोबिट धरला तर तासाला २२५ एमबी, एकूण पावणेसात जीबी. तोच आशय ६४ किलोबिटच्या नुसत्या आवाजात दिला तर तासाला सुमारे २९ एमबी, एकूण एक जीबीच्या आत. युनिकोडमधला लिखित पाठ तर काही एमबीत मावतो. भावाचा फोन रात्री तासभर मिळणाऱ्या मुलीसाठी हा फरक म्हणजे अभ्यास होणं आणि न होणं यातला फरक आहे.

इथं एक गंमत लक्षात घ्या. लिखित पाठ लागतो कर्णबधिर मुलाला, वर्णनासह बोलणारा आवाज लागतो दृष्टिहीन मुलाला, आणि रेंज नसलेल्या मुलीला दोन्ही चालतात. म्हणून 'दिव्यांगांसाठी वेगळं' आणि 'ग्रामीणांसाठी वेगळं' असे दोन विषय करू नका. अडथळा धरून अभ्यास केला तर ते एकाच तक्त्यात येतात.

खर्चाचा प्रश्न

तुमच्या मौखिक परीक्षेत कोणीतरी हमखास विचारणार : "हे सगळं करायला पैसा कुठून आणायचा?" प्रश्न खोटा नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली केंद्राचं उदाहरण वाचून ठेवा. त्यांचे मोफत व्हिडिओ कर्णबधिरांना वापरता येत नाहीत अशी तक्रार झाली. २०१६ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागानं दुरुस्ती करायला सांगितलं. विद्यापीठानं खर्चाकडे बोट दाखवलं आणि २०१७ मध्ये वीस हजारांहून जास्त ध्वनिचित्रमुद्रणं सर्वांसाठीच बंद केली. यावरून काही जण म्हणतात, बघा, सुगम्यतेचा आग्रह धरला की सगळ्यांचंच नुकसान होतं.

मला हा निष्कर्ष पटत नाही. वीस हजार व्हिडिओ साचेपर्यंत कोणी बघितलं नाही, म्हणून बिल एकदम आलं. हार्वर्ड आणि एमआयटीवरही २०१५ मध्ये उपशीर्षकांसाठी दावे झाले. दोघांनी अनुक्रमे २०१९ आणि २०२० मध्ये तडजोड करून उपशीर्षकं देण्याचं मान्य केलं. म्हणजे अशक्य नव्हतं, उशिराचं होतं. आपल्याकडच्या कॉलेजांत ऑनलाइन साहित्य आत्ता कुठं साचायला लागलंय. युनिकोडमध्ये टाइप करायला आज वेगळा खर्च नाही. दहा वर्षांनी हजारो पानं पुन्हा टाइप करायला मात्र येईल.

'करावे' आणि 'केलेच पाहिजे'

कायदा काय म्हणतो? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत. उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. प्रवेश मिळाला, पुढं काय? यूजीसीनं २०२२ साली सुगम्यतेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. पण सूचना म्हणजे 'करावे'. न केल्यास काय, याचं उत्तर त्यात सापडणं कठीण.

या फरकावर सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ रोजी 'राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार' या खटल्यात बोट ठेवलं. कायदा सक्ती सांगतो आणि २०१७ च्या नियमावलीतला १५(१) हा नियम नुसत्या शिफारशी करतो, म्हणून तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे निकष तीन महिन्यांत करायला सांगितलं. आपल्यासाठी यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. न्यायालयानं आधी हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठाच्या अपंगत्व अभ्यास केंद्राकडून परिस्थितीचा अहवाल मागवला आणि निकालात त्याचा आधार घेतला. म्हणजे कोणीतरी नीट केलेला अभ्यास निकालापर्यंत पोचला. 'बहुसंख्यांना सोयीचे वाटते' हे माझं वाक्य तिथं पोचलं असतं, तर कोणाच्या विरोधात वापरलं गेलं असतं, याचा विचार करून आजही घाम फुटतो.

तुमच्या आराखड्यात काय बदलाल?

आपल्या विद्यापीठाच्या कक्षेत नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली असे चार जिल्हे येतात. सगळे धरायची गरज नाही. एक विषय, एक-दोन अभ्यासक्रम पुरे. पण पुढच्या गोष्टी करा.

शीर्षकातून 'विद्यार्थ्यांच्या समस्या' काढा आणि 'अभ्यासक्रमातील अडथळे' घाला. शब्द बदलला की विश्लेषणाचं एकक बदलतं. आधी अभ्यासक्रमाची पाने, पीडीएफ आणि व्हिडिओ तपासा. मग प्रत्यक्ष विद्यार्थ्यांजवळ बसा आणि त्यांना एक ठरलेलं काम करायला सांगा : पाठ उघडा, एक प्रश्न सोडवा, उत्तर पाठवा. 'अडचण येते का?' असं विचारू नका. कुठं थांबले, किती वेळ गेला, कोणाची मदत घ्यावी लागली हे लिहा. प्रश्नावली तीन वाटांनी द्या : लिंक, फोन आणि प्रत्यक्ष भेट. कुठल्या वाटेनं आलेली उत्तरं किती वेगळी आहेत, हा स्वतंत्र तक्ता करा. संमतीपत्र वाचून दाखवा. आणि प्रतिसाद न देणाऱ्यांसाठी एक परिच्छेद राखून ठेवा : ते कोण, आपण त्यांना कसं शोधलं, कोण तरीही सापडलं नाही.

हे करताना नमुना लहान होईल. माझाही झाला, आणि गोल आलेख गेले. मार्गदर्शकांनी या वेळी पानं बाजूला ठेवली नाहीत. पेन्सिल घेऊन बसले आणि भरपूर खुणा केल्या.

जाता जाता : हा लेख मी युनिकोडमध्ये टाइप केलाय, आणि टाकण्याआधी लातूरच्या त्या मित्राला ऐकायला दिला. त्यानं दोन ठिकाणी अडतंय म्हणून सांगितलं, ती वाक्यं बदलली. तुम्हीही तुमच्या आराखड्याची पीडीएफ गाइडकडे पाठवण्याआधी त्यातली एक ओळ व्हॉट्सॲपवर चिकटवून बघा.